कॅम्परची बॅटरी बदलण्याआधी मीटर कुठे लावायचा

रात्री दोनला फ्रिज बंद पडतो, सकाळी पाण्याची किटली लावताच इन्व्हर्टर पीं-पीं करतो, आणि गॅरेजवाला मीटर हातात न घेताच सांगतो, "बॅटरी गेली, नवी टाका." नवी टाकली की महिना-दोन महिने बरं चालतं. त्याचं श्रेय बरेचदा नव्या बॅटरीचं नसतंच. ती बसवताना टर्मिनल घासली गेली, बोल्ट आवळले गेले, एवढ्यानेच काम झालेलं असतं. पावसाळा सुरू झाला की तोच त्रास परत.

कॅम्परच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमध्ये बिघाड शोधायची पद्धत एकच आहे: लोड चालू ठेवायचा आणि बॅटरीपासून उपकरणापर्यंत व्होल्ट कुठे गळतात ते मोजत जायचं. बाकी सगळं या एका गोष्टीला धरून येतं. इथे डोळ्यासमोर धरली आहे ती आपल्याकडची नेहमीची मांडणी. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरसारखी गाडी, १०० ते २०० अँपिअर-अवरची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) किंवा ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते ती शिसे-आम्लाची) बॅटरी, छतावर ३००-४०० वॉटचं सोलर, १००० ते १५०० वॉटचा इन्व्हर्टर, बारा व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज, आणि इंजिनच्या अल्टरनेटरवरून चार्जिंग.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, डीसी अँपिअर मोजणारा क्लँप मीटर, आणि होल्डरसकट एक एच-४ हेडलाइट बल्ब. क्लँप मीटर घेताना नीट बघा. स्वस्तातले बरेच क्लँप फक्त एसी प्रवाह मोजतात, त्यांच्यावर डीसी व्होल्टचा आकडा असतो पण क्लँपमधून डीसी अँपिअर दिसत नाही. घरचा निऑन टेस्टर बारा व्होल्टला पेटतच नाही, तो फक्त २३० व्होल्टच्या बाजूला. एच-४ बल्बची ५५ वॉटची फिलामेंट साधारण साडेचार अँपिअर खाते, म्हणजे फ्रिजइतकाच लोड. तो लागतो कारण मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटर बिनधास्त १२.८ दाखवतो. तिथेच बल्ब जोडला की आकडा धाडकन खाली येतो आणि चोर सापडतो.

हात घालण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. वायर सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने) तोडेपर्यंतच्या क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते. पाना तेवढ्यात वेल्ड होतो, बोटातली अंगठीही तापून लाल होते.

आधी बॅटरी नुसती बघा. सगळे लोड आणि सगळे चार्जर बंद करून दोन-तीन तास थांबा, मग टर्मिनलवर मोजा. शिसे-आम्लाची बॅटरी १२.७ ला भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव. चार्जिंग बंद केल्या केल्या दिसणारा १३.२ खोटा असतो, वरवरचा चार्ज उतरायला वेळ लागतो. लिथियमचं गणित वेगळं. भरलेली एलएफपी विश्रांतीनंतर १३.३-१३.४ दाखवते, आणि तिथून खाली वीस टक्क्यांपर्यंत जाताना आकडा १३.० च्या आसपासच रेंगाळतो. म्हणून लिथियमच्या व्होल्टेजवरून ती किती उरली आहे हे सांगू नका. एवढंच सांगता येतं की १२.८ च्या खाली गेली म्हणजे तळ जवळ आला.

ट्युब्युलरवाल्यांसाठी एक गोष्ट. हायड्रोमीटरने आम्लाची घनता बघताना बॅटरीच्या लेबलवरचा आकडा धरा. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरला पूर्ण चार्जला साधारण १.२४० असतं, आणि गाडीच्या स्टार्टर बॅटरीच्या तक्त्यातला १.२७०-१.२८० मनात धरून बसलात तर धडधाकट बॅटरीला अर्धमेली ठरवाल. सहाही कप्पे सारखे हवेत. पाच कप्पे १.२३० आणि एक १.१५० असेल, आणि रात्रभर चार्ज लावूनही तो वर येत नसेल, तर मात्र ती बॅटरी खरंच गेली. (ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती पलंगाखाली बंद खोक्यात ठेवणं हे वायरिंगच्या दुरुस्तीच्या आधी सुधारायचं काम आहे.)

व्होल्ट कुठे गळतात

आता मुख्य काम. फ्रिज चालू करा आणि कंप्रेसर फिरतोय याची कानाने खात्री करा. नुसती लाइट लागलेली चालत नाही. मीटर डीसी व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीच्या खांबावर घ्या, त्यावर बसवलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) किंवा बोल्टवर नव्हे. दुसरं फ्रिजच्या मागे, कंट्रोलरच्या टर्मिनलवर. समजा बॅटरीवर १२.६ आहेत आणि फ्रिजवर ११.५. म्हणजे १.१ व्होल्ट वाटेत गेले.

ते कुठल्या बाजूला गेले हे आता शोधायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी फ्रिजच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. वायर लांब असेल तर मीटरच्या पिनेला पाच-सहा मीटर साधी वायर जोडून घ्या, मापात फरक पडत नाही. आकडा येतो ०.३५. मग निगेटिव्ह ते निगेटिव्ह: ०.७५. बेरीज १.१, म्हणजे माप बरोबर आहे.

आता वायरचा हिशोब. तांब्याच्या एक स्क्वेअर एमएम वायरचा रोध मीटरला साधारण साडेसतरा मिलिओहम. म्हणजे दीडच्या वायरचा जवळपास १२, अडीचच्या वायरचा ७, चारच्या वायरचा साडेचार, सहाच्या वायरचा ३, दहाच्या वायरचा पावणेदोन. या फ्रिजला बॅटरीपासून सहा मीटर दीडची वायर टाकली आहे असं धरा: ६ मीटर × ११.७ = ७० मिलिओहम, ५ अँपिअरला ०.३५ व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजूचा आकडा तंतोतंत जुळला, म्हणजे त्या बाजूचे जोड ठीक आहेत, फक्त वायर बारीक आहे. निगेटिव्हलाही तीच वायर आहे, तिथेही ०.३५ च यायला हवे होते. वरचे ०.४० व्होल्ट एका कुठल्यातरी जोडात गेले आहेत. ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट म्हणजे त्या जोडात दोन वॉट उष्णता. हात लावलात तर कोमट लागेल. पिन पुढे सरकवत बॅटरी खांब ते थिंबल, थिंबल ते चासीचा बोल्ट, बोल्ट ते बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची पट्टी) असं मोजत गेलं की दोन मिनिटांत तो एक जोड हाती लागतो.

याचा रात्री दोनशी संबंध असा. डॅनफॉस किंवा सेकॉपच्या बीडी-३५ जातीच्या कंप्रेसरचा कंट्रोलर मूळ सेटिंगला १०.४ व्होल्टला फ्रिज बंद करतो आणि ११.७ पर्यंत चढल्याशिवाय परत सुरू करत नाही. तो व्होल्टेज मोजतो स्वतःच्या टर्मिनलवर, बॅटरीवर नाही. शिसे-आम्लाची बॅटरी मध्यरात्री लोडखाली १२.० ला आलेली असते. सुरू होताना किंवा जास्त वेगाने फिरताना कंप्रेसर ८ अँपिअर ओढतो तेव्हा आपली १.१ ची गळती १.७६ होते. बारातून ती वजा करा, १०.२ उरले. फ्रिज बंद. लोड सुटला की गळती शून्य, कंट्रोलरला परत १२.२ दिसतात, तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. बॅटरीत त्या वेळी अजून निम्मा चार्ज असतो! कंट्रोलरला एरर एलईडी जोडला असेल तर तो दर चार सेकंदांनी एकदा लुकलुकतो, त्याचा अर्थ व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे पंख्याचा प्रवाह जास्त, तीनदा म्हणजे मोटर सुरू होत नाही, चारदा म्हणजे कमीत कमी वेग गाठत नाही, पाचदा म्हणजे कंट्रोलर तापला. नसेल तर तो एलईडी जोडून घ्या. अंदाजाने दोन दिवस घालवण्यापेक्षा हे बरं.

उपाय: फ्रिजला बॅटरीच्या फ्यूज-बॉक्सपासून स्वतंत्र सहाची वायर, जाऊन-येऊन. बारा मीटरला ३५ मिलिओहम, आठ अँपिअरला ०.२८ व्होल्ट. फ्रिज, इन्व्हर्टर, चार्जर या तिघांसाठी तीन टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत राहा. एलईडी दिव्यांना एक व्होल्ट गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे जाड वायर टाकून पैसे घालवू नका.

जोड

थिंबल पकडीने दाबून वर सोल्डर ओतणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार आहे, आणि चालत्या गाडीत तोच आधी तुटतो. सोल्डर तारांमधून वर चढतं, जिथे संपतं तिथे वायर कडक ते मऊ होते, आणि थरथराटाने नेमकी तिथेच तुटते. दहाच्या वरच्या वायरीला हायड्रॉलिक पंचने थिंबल पंच करून घ्या. वेल्डिंगच्या सामानाच्या किंवा केबलच्या दुकानात करून मिळतं. पंच केलेल्या थिंबलवर वायर हाताने जोरात ओढून बघा. जराही सरकली तर कापून टाका. वर गोंदवाली हीट-श्रिंक नळी. कोकणातल्या दमट हवेत उघड्या थिंबलच्या तोंडातून ओल आत जाते आणि दोन पावसाळ्यांत इन्सुलेशनखाली हातभर तांबं काळं पडतं. बाहेरून वायर नवी दिसते. कापून बघा. काळी असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, घासून उपयोग नाही.

वायर घेताना टोक कापून आतला रंग बघा. कापलेल्या तारेचा गाभा चांदीसारखा आणि वरून तांबूस असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. याउलट वरून चंदेरी आणि खरवडल्यावर तांबूस, ती कल्हई केलेली खरी तांब्याची वायर, दमट हवेसाठी उत्तम.

चासीला अर्थ घेतला असेल तर त्या बोल्टखालचा रंग घासून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मग वरून व्हॅसलिन किंवा रंग. आधी व्हॅसलिन लावून मग आवळणं उलटं आहे. आणि सीट-बेल्टच्या किंवा बिजागरीच्या बोल्टला अर्थ घेऊ नका.

फ्यूजचा होल्डर हा फ्यूजपेक्षा जास्त वेळा दोषी असतो. प्लास्टिकचे लोंबते ब्लेड-फ्यूज होल्डर ३० अँपिअर लिहून येतात, त्यांच्या शेपटीची वायर मात्र अडीचची असते. सतत २० अँपिअर गेले की पितळेची पकड सैल होते, तापते, प्लास्टिक वितळतं, आणि फ्यूज साबूत राहतो. २० च्या वर जे जाईल त्याला बोल्टने आवळायचा मिडी किंवा मेगा फ्यूज लावा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वितीच्या आत हवा, कारण त्याच्या आधीच्या वायरीला कुणीच वाली नसतो. लिथियमला तिथे क्लास-टी फ्यूज सर्वांत योग्य, तो २०,००० अँपिअरचा शॉर्ट तोडू शकतो, मेगाची मर्यादा साधारण २,००० आहे. आपल्या बाजारात क्लास-टी सहज मिळत नाही. एचआरसी (मोठा शॉर्ट तोडणारे) फ्यूज मिळतात, पण त्यावर डीसी व्होल्टेजचं रेटिंग छापलेलं असेल तरच घ्या. घरच्या डीबीमधली एसीची एमसीबी इथे नको. एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसीत तो शून्यावर येतच नाही आणि आत आर्क जळत राहतो.

इन्व्हर्टर

हजार वॉटची किटली म्हणजे बारा व्होल्टला जवळपास १०० अँपिअर. एवढ्याला दहाची वायर, तीन मीटर जाऊन तीन मीटर येऊन, म्हणजे १०.५ मिलिओहम आणि १.०५ व्होल्ट. बॅटरीवर १२.० असताना इन्व्हर्टरला १०.९५ दिसतात आणि तो अलार्म देतो. इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभर अंतरात आणा आणि ३५ ची वायर टाका, हीच गळती ०.१ वर येते. लांब २३० व्होल्टची वायर चालते, लांब बारा व्होल्टची नाही. इन्व्हर्टर मागच्या दारापाशी "जागा होती म्हणून" बसवलेला असतो, सगळी गडबड तिथून सुरू होते.

इथे जोड शोधायला इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी. किटली तीन मिनिटं चालवा आणि प्रत्येक बोल्टवर रोखा. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक, एकच शेजाऱ्यांपेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर तो उघडा. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर कमी तापमान दाखवतो, म्हणून बोल्टवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मोजा.

इन्व्हर्टर जोडताना मोठी ठिणगी पडते ती आतले कपॅसिटर भरण्याची, बिघाड नव्हे. लिथियमचा बीएमएस मात्र तिला शॉर्ट समजून बंद होऊ शकतो. शेवटची वायर जोडण्याआधी त्या फटीत एच-४ बल्ब काही सेकंद धरा, कपॅसिटर हळू भरतात, मग वायर आवळा.

चार्ज होत नाही

सोलरची निम्मी तक्रार ही तक्रार नसतेच. बॅटरी भरलेली आहे, सोलरचा चार्ज कंट्रोलर फ्लोटवर (भरलेली बॅटरी नुसती भरलेली ठेवायच्या टप्प्यावर) आहे, म्हणून प्रवाह दिसत नाही. इन्व्हर्टरवर मोठा लोड लावा. सोलरचे अँपिअर लगेच वर गेले तर सोलर धडधाकट आहे. नाही गेले तर पॅनलच्या टोकाचं व्होल्टेज बघा. "बारा व्होल्टचं" पॅनल उघडं (काहीही न जोडलेलं) असताना उन्हात साधारण २२ देतं आणि लोडखाली १८. उघडं २२ आणि लोडखाली कोसळून ५ झालं तर एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरीचा जोड) किंवा तो पंच करताना सुटलेली तार बघा. लोडखाली निम्मं किंवा दोन-तृतीयांश राहत असेल तर पॅनलच्या एका भागावर सावली आहे आणि त्या भागाचा बायपास डायोड प्रवाह त्याला टाळून वळवतोय. छतावरचा कॅरियर, एसीचं खोकं, अगदी अँटेनाचीही सावली पुरते. एमसी-४ उन्हात उघडू नका, आधी पॅनलवर जाड चादर टाका.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. घराच्या छतावरचं ५४० वॉटचं पॅनल गाडीवर बसवायची टूम आहे. त्याचं उघडं व्होल्टेज ४९ च्या आसपास. अशी दोन सिरीजमध्ये ९८-९९ होतात आणि १०० व्होल्टच्या कंट्रोलरवर बसवली जातात, पुण्यात चालतातही. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, दर अंशाला सुमारे पाव टक्का. स्पितीत शून्याखालच्या पहाटे पहिलं ऊन पडलं की १०५ होतात आणि कंट्रोलर जातो.

शिसे-आम्लासाठी ठरवलेला कंट्रोलर लिथियमला तसाच लावला असेल तर दोन सेटिंग तपासा. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याचा गुणांक बारा व्होल्टला दर अंशाला साधारण उणे २४ मिलिव्होल्ट असतो. गाडी आतून ४५ अंशाला तापली की तो १४.४ चे १३.९ करतो. लिथियमला हा गुणांक शून्य हवा. दुसरं, इक्वलायझेशन (सगळे कप्पे सारखे करायला मुद्दाम दिलेला जास्तीचा चार्ज) बंद. ते १५.५ च्या वर नेतं आणि बीएमएस चार्जिंग तोडतो.

अल्टरनेटरवर चार्जिंग होत नसेल तर गाडीचं वय विचारा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याचशांत अल्टरनेटर इसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हुकमाने व्होल्टेज बदलतो. इंजिन चालू असूनही १२.५ दिसतात, ब्रेक मारताना १४.८ होतात. जुन्या पद्धतीचा स्प्लिट-चार्ज रिले (व्होल्टेज बघून गाडीची आणि कॅम्परची बॅटरी जोडणारा स्विच) साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, तो अशा गाडीत दिवसभर टकटक करत राहतो. लिथियमबरोबर त्याची उलटी गोची आहे: लिथियम विश्रांतीलाच १३.३ वर असते, म्हणून रिले इंजिन बंद झाल्यावरही सुटत नाही आणि रात्रभर दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतात. दोन्हीला उत्तर एकच, डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज बदलून बॅटरीला हवं तेवढं देणारा), आणि त्याला इग्निशन किंवा डी-प्लसची (इंजिन चालू असल्याचा इशारा देणारी) वायर. व्होल्टेज बघून स्वतः सुरू होण्यावर त्याला ठेवू नका.

डीसी-डीसी चार्जर दर मिनिटाला चालू-बंद होत असेल तर पुन्हा वायरच. ३० अँपिअरचा चार्जर आत ३५ ते ४० ओढतो. इंजिनपासून मागेपर्यंत सहा मीटर दहाची वायर, निगेटिव्हही तशीच, म्हणजे ०.८ व्होल्ट गेले. चार्जरला वाटतं बॅटरी उतरली, तो थांबतो. गळती शून्य होते, तो सुरू होतो. इथे १६ किंवा २५ ची वायर लागते. निगेटिव्ह घेताना स्टार्टर बॅटरीच्या खांबावरचा छोटा सेन्सर टाळून चासीच्या बाजूला जोडा, नाहीतर इसीयूचा हिशोब चुकतो.

बॅटरी अचानक शून्य

लिथियमवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले की ती मेली असं नाही, बीएमएसने दार लावलंय. सगळे लोड काढा. अर्धा-एक मिनिट थांबा. परत आली तर जास्त प्रवाह किंवा शॉर्ट कारणीभूत होता. नाही आली तर ती खाली उतरून बंद झाली आहे, बाहेरून व्होल्टेज दाखवावं लागतं. बरेच सोलर कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, म्हणून लिथियमचा एसी चार्जर लागतो. थेट दुसरी भरलेली बॅटरी जाड वायरने जोडू नका, मध्ये एच-४ बल्ब घाला.

ब्लूटूथवर सेल दिसत असतील तर चार्जिंगच्या शेवटच्या दहा मिनिटांत बघा. तीन सेल ३.४० वर आणि एक ३.६५ वर उडाला तर बीएमएस त्या एकासाठी चार्जिंग तोडतो. बॅटरी भरल्यासारखी वाटते, पण भरलेली नसते. चार्जर १३.८ ते १४.० वर ठेवून काही दिवस सावकाश भरू द्या. बॅलन्सर (सेल सारखे करणारं बीएमएसमधलं सर्किट) वरच्याच टप्प्यात काम करतो आणि त्याचा प्रवाह फार थोडा असतो.

हवामान विसरू नका. एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, धातूरूप लिथियम साचून सेल कायमचा खराब होतो. लेहच्या बाहेर सकाळी सोलर चालू आहे आणि बॅटरी चार्ज घेत नाही, हा बिघाड नव्हे. बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडायची ही सोय नसेल तर कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर लावून ती बाहेरून करा. उलट नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅटरीचा कप्पा ५० च्या वर जातो, आणि बऱ्याच बॅटऱ्यांची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ आहे. दुपारी चार्जिंग थांबून संध्याकाळी आपोआप सुरू होत असेल तर कप्प्याला हवा द्या.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते

पहिला संशयित इन्व्हर्टर. काहीही न लावता तो एक अँपिअरच्या आसपास खातो, दिवसाला २४ अँपिअर-अवर. शंभरच्या ट्युब्युलरमधले पन्नासच वापरायचे असतात, म्हणजे दोन दिवसांत खेळ खलास. बाकीचे: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, आकडे दाखवणारे यूएसबी सॉकेट, गॅस अलार्म.

शंभर मिलिअँपिअरखाली क्लँपवर विश्वास ठेवू नका. इन्व्हर्टरची वायर सोडून बाजूला करा, सगळं बंद करा, बॅटरीचा मेन स्विच बंद करा, आणि मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून पिना स्विचच्या दोन बोल्टांवर ठेवा. आता सगळा चोरटा प्रवाह मीटरमधून जातो. या वेळी पंप किंवा फ्रिज चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर फ्यूज एकेक उपसून बघा. फ्यूज न उपसताही कळतं: ब्लेड-फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. मोजताना मेन स्विच चालू हवा, एवढं लक्षात ठेवा.

बॅटरी मॉनिटर ८० टक्के दाखवतोय आणि गाडी अंधारात, असं असेल तर शंटच्या (मॉनिटर ज्यातून प्रवाह मोजतो त्या निगेटिव्हवरच्या पट्टीच्या) बॅटरीकडच्या बाजूला कुणीतरी वायर जोडली आहे का बघा. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटची एकच वायर असावी. नंतर जोडलेल्या सोलर कंट्रोलरची किंवा पंपाची निगेटिव्ह थेट खांबावर गेली की तिचा हिशोब मॉनिटरला कळत नाही. मॉनिटरचं "चार्ज्ड व्होल्टेज" (बॅटरी भरली असं धरायचा आकडा) चार्जरच्या ॲब्सॉर्प्शनपेक्षा (पूर्ण भरताना धरलेल्या व्होल्टेजपेक्षा) ०.२-०.३ ने खाली ठेवा. फार खाली असेल तर अर्धी बॅटरी असतानाच मॉनिटर १०० टक्क्यांवर उडी मारतो.

आणि हे सगळं तपासूनही संशय बॅटरीवरच येत असेल, तर तिची एक परीक्षा घ्या. पूर्ण भरा, रात्रभर ठेवा, मग एच-४ बल्ब लावून घड्याळ बघा. शिसे-आम्ल १०.५ व्होल्टला थांबवा, लिथियम बीएमएस तोडेपर्यंत. तास गुणिले क्लँपवरचे अँपिअर, ती खरी क्षमता. शंभरच्या बॅटरीने ८५ दिले तर तिला हात लावू नका, ५५ दिले तर बदला. दोन बॅटऱ्या समांतर असतील तर सोडवून वेगवेगळ्या तपासा, आणि परत जोडताना पॉझिटिव्ह एकीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून घ्या. दोन्ही एकीवरूनच घेतल्या की ती आधी झिजते.

२३० व्होल्टची बाजू

इन्व्हर्टरवर चालताना टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो म्हणून लोक घाबरतात. बऱ्याच छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट बॉडीपासून तरंगतं असतं. चासीपासून मोजलं तर दोन्ही तारांवर ११०-१२० दिसतात. अशा मांडणीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती दिसताच लाइट तोडणारा स्विच) लावूनही ती उडणार नाही, कारण गळतीला परतीचा रस्ताच नाही. इन्व्हर्टरच्या पुस्तकात न्यूट्रल-अर्थ जोडायला परवानगी असेल तरच तो जोड द्यायचा, आणि बाहेरची लाइट घेताना तो सुटला पाहिजे. त्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर हवा. बाहेरची लाइट आणि इन्व्हर्टर एकाच सॉकेट-पट्टीत येतील अशी सोय कधीही करू नका.

ढाब्यावर किंवा रिसॉर्टच्या आवारात लाइट घेण्याआधी त्यांच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभराच्या आसपास किंवा डळमळीत असेल तर अर्थची पिन नुसती शोभेची आहे. न्यूट्रल-अर्थ २३० आणि फेज-अर्थ शून्य असेल तर तारा उलट्या आहेत. दोन्ही ठिकाणी वायर गुंडाळून ठेवा. रबरी टायरवर उभी असलेली गाडी अर्थ नसताना गळती धरून ठेवते, आणि खाली ओल्या जमिनीवर उभा राहून दाराला हात लावणारा माणूस तिचा अर्थ बनतो.